चक्रीवादळ कोकणात, मग इशारा नगरला का?

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. अकोले शहरापासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरहून लांब आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. त्यामुळे चक्रीवादळाचा मेसेज आला की 'ते कोकणातलं, आपल्याकडे काय होणार?' असं अनेकांना वाटतं. 2020 मध्ये आलेलं 'निसर्ग' चक्रीवादळ हा समज चुकीचा ठरवून गेलं.

3 जून 2020 ला काय झालं?

1 जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं. 2 जूनला त्याचं चक्रीवादळ बनलं आणि 3 जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 किलोमीटरच्या आसपास होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या.

पण वादळ तिथे थांबलं नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्याचं केंद्र पुण्याच्या उत्तरेला साधारण 50 किलोमीटरवर होतं. किनारा ओलांडून घाटमाथ्यावर यायला त्याला काही तासच लागले.

जमिनीवर आल्यावर वादळ संपत नाही का?

समुद्राच्या उबदार पाण्याची वाफ हे वादळाचं इंधन. जमिनीवर ते तुटतं, म्हणून वारा कमी होत जातो. मात्र ढगांमधली वाफ लगेच संपत नाही. डोंगराला अडून हे ढग वर चढतात आणि घाटात जोरदार पाऊस होऊ शकतो. कमजोर झालेला वाराही कांदा चाळीवरचे पत्रे, पॉलिहाऊसचा कागद आणि विजेचे खांब पाडायला पुरेसा असतो.

हरिकेन आणि चक्रीवादळ वेगळं आहे का?

प्रकार एकच, नाव वेगळं. अटलांटिकमध्ये वाऱ्याचा वेग ताशी 119 किलोमीटर किंवा जास्त झाला की वादळाला हरिकेन म्हणतात. भारतात ताशी 62 किलोमीटरपासूनच चक्रीवादळ म्हटलं जातं. त्याच 2020 साली अटलांटिकमध्ये विक्रमी 30 वादळांना नावं द्यावी लागली. यादीतली नावं संपल्यावर ग्रीक अक्षरं वापरली गेली.

तिथे हंगामाआधीच किती वादळं होतील याचा अंदाज जाहीर होतो. पण कुठलं वादळ कुठे जाईल, हे तो अंदाज सांगत नाही. ते वादळ तयार होऊ लागल्यावरच कळतं. 'निसर्ग'च्या वेळी हाती दोन-तीन दिवसच होते.

इशारा कसा वाचायचा?

- नकाशावरची रेघ फक्त केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवते. वारा-पाऊस त्याच्या दोन्ही बाजूंना दूरपर्यंत असतो.
- हवामान विभागाचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा.
- मेसेजवरची तारीख आणि वेळ बघा. अंदाज दर काही तासांनी बदलतो, जुना स्क्रीनशॉट दिशाभूल करतो.
- 'किनाऱ्यावर धडकलं' ही बातमी आली की नगरकरांनी सुस्कारा टाकू नये. पत्रे बांधायला, जनावरं आडोशाला न्यायला आणि मोबाइल चार्ज करायला तेवढेच तास उरलेले असतात.