अळी आली, पण कोणती?

आम्ही आयटीवाले दिवसभर बग शोधतो. पण खरेखुरे बग शोधण्यात आयुष्य घालवणारी माणसं वेगळीच! या वीकेंडला अशाच एकाबद्दल वाचत होतो. डॉ. केशव क्रांती, कीटकशास्त्रज्ञ, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, नागपूर.

आमचं मूळ गाव किन्हीराजा, जिल्हा वाशीम. आता तिकडे सोयाबीनच जास्त दिसतं. पण 'पऱ्हाटीवर अळी आली' हे वाक्य विदर्भातल्या कुठल्याही घरात काय करतं, ते वेगळं सांगायला नको. क्रांतींचं काम वाचताना कळलं की खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. अळी आली, पण कोणती?

नव्वदच्या दशकात औषध फवारूनही अळ्या मरेनात. क्रांती आणि सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या शेतांतून किडी गोळा केल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या, मोजून डोस दिला आणि किती मेल्या ते मोजलं. कपाशीच्या पाच मुख्य किडींच्या प्रतिकारशक्तीचा हा हिशोब २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बाजारात बोगस बियाणंही आलं, तेव्हा बीटी खरं की खोटं हे ओळखायचं किटही त्यांच्या टीमने बनवलं. २००८ मध्ये ते संस्थेचे संचालक झाले.

आता गंमत बघा. बीटी बियाण्याचा रोख बोंडअळ्यांवर होता, पण त्या सगळ्या सारख्या जगत नाहीत. हिरवी (अमेरिकन) बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते. तिथे बीटीचं विष नाही, त्यामुळे विषाला बळी पडणारे पतंग तयार होत राहतात, प्रतिकार करणाऱ्यांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. गुलाबी (जुन्या लोकांची शेंदरी) बोंडअळीचं जवळजवळ सगळं आयुष्य मात्र कपाशीवरच. देशातली ९० टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली, कडेला साधी कपाशी लावायचा नियम बहुतेकांनी पाळला नाही, वर फरदड घेऊन पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभं ठेवलं. म्हणजे अळीला पिढ्यांमागून पिढ्या सराव!

व्हायचं तेच झालं. २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत पहिलं जनुक निकामी झाल्याचं खुद्द मोन्सँटोने मान्य केलं. २०१५ मध्ये तिथेच दोन जनुकांचं बियाणंही हरलं, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्र. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

क्रांती नुसता धोका सांगून थांबले नव्हते. कमी दिवसांचे सरळ वाण दाट लावा, पीक लवकर संपवा, असा त्यांचा आग्रह होता. २०१७ मध्ये ते वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कापूस सल्लागार समितीत गेले. २०२० मध्ये ग्लेन स्टोन यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी दाखवलं की कीटकनाशकांवरचा शेतकऱ्याचा खर्च आता बीटीच्या आधीपेक्षाही जास्त आहे.

अमेरिकेने २०१८ मध्ये हीच अळी आपल्या कपाशीतून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. बियाणं तिथेही बीटीच होतं. पण जोडीला वांझ पतंग सोडले, कामगंध सापळे लावले आणि पऱ्हाटी वेळेत नष्ट करायची शिस्त पाळली.

बियाण्याच्या पाकिटावर जनुकाचं नाव येतं. अळी कुठे जगते, काय खाते, कधी झोपते, ते येत नाही. ते कुणीतरी शेतात जाऊन बघावं लागतं, आणि त्याने सांगितल्यावर ऐकावंही लागतं.