नक्काशांचा पट आणि आजचा चित्रकार

लोककथा आणि अद्भुतावर चित्रे काढणाऱ्या हैदराबादच्या नव्या चित्रकारांना आपले पूर्वज शोधायला परदेशी परीकथांकडे जायला नको. शहरापासून शंभरेक किलोमीटरवरच्या चेरियाल गावातले नक्काश हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. खादीवर चिंचोक्याची खळ, पांढरी माती आणि डिंक यांचे थर द्यायचे आणि तांबड्या भूमीवर एकाखाली एक प्रसंग रंगवायचे, ही त्यांची रीत. तीन फूट रुंदीचा पट चाळीस फुटांपर्यंतही जाई. तो घेऊन कथेकरी गावोगाव हिंडत आणि पट उलगडत कथा सांगत. पट जीर्ण झाला की विधिपूर्वक नदीत सोडत. म्हणून जुने पट थोडेच उरले.

यावर आक्षेप येतो की ही ठरीव साच्याची कारागिरी आहे, तिच्यात चित्रकाराची स्वतःची कल्पना कुठे? पण पट कोणासाठी आहे ते पाहिले की हा आक्षेप टिकत नाही. कुनपुली कथेकऱ्यांच्या पटात पद्मशाली विणकरांचे मूळपुरुष भावनाऋषी वाघावर स्वार असतात. सोलापुरात मार्कंडेयाला भजणाऱ्या तेलुगू विणकरांचे पुराणही हेच. डक्कली कथेकरी सांगतात ते मादिग जातीचे जांबपुराण. त्यात जांबवंत देवांच्याही आधीचा. ज्याची कथा, त्याचा मान मोठा. प्रत्येक जातीच्या डोळ्यांनी विश्व नव्याने मांडणे हे साच्याचे काम नव्हे. चित्रकाराला मोकळीक कमी होती हे खरे, पण कथा जाणणारा श्रोता समोर असे, आणि चुकीचा प्रसंग तो चालवून घेणार नव्हता.

हा वारसा एकट्या तेलंगणाचा नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाची नोंद केली, पैठणच्या चित्रकथींची चित्रे पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. कल्याणी, पैठण आणि चेरियाल ही तिन्ही ठिकाणे 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. 1956 ला ती तीन राज्यांत गेली आणि त्यांचा अभ्यासही तीन भाषांत विखुरला. चेरियालच्या पटांना 2007 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण मानांकनाने वस्तू वाचते, कथन वाचत नाही. नव्या चित्रकाराने पटावरची आकृती उचलण्याआधी ती कोणाची कथा आहे हे विचारावे, आणि कथेकरी हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडूनच ती ऐकून घ्यावी.