फुगा-नलिका, हृद्‌रोहिणीतील : सुरक्षितता व उपद्रव

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी अरुंद झालेली रोहिणी रुंदावण्यासाठी वापरली जाणारी, टोकाशी फुगा असलेली नलिका (बलून कॅथेटर). आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे जागृत रुग्णावर तिचा यशस्वी वापर केला. फुगा फुगलेला असताना रक्तप्रवाह अडून छातीत दुखू शकते. रोहिणीचे अस्तर चिरणे आणि त्यामुळे ती अचानक बंद पडणे हे प्रमुख उपद्रव. स्टेंटमुळे (रोहिणी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) ते बरेच घटले. रोहिणीला छिद्र पडणे विरळ, पण हृदयावरणात रक्त साचल्यास जीवघेणे ठरते. तेव्हा फुगा पुन्हा फुगवून रक्तस्राव थोपवतात, गरजेनुसार आच्छादित स्टेंट बसवतात. कॅल्शियम साचलेल्या कठीण भागात फुगा फाटू शकतो. म्हणून त्यात हवा न भरता क्ष-किरणांत दिसणारे विरल द्रावण भरतात आणि दाबाची मर्यादा पाळतात.