थंडी खालून येते

उघड्यावर झोपलं की थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. अंगाची ऊब जमीन ओढून घेते. भारीतली स्लीपिंग बॅगसुद्धा अंगाखाली दबली की तिच्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरते ती हवाच!

धनगरांना हे आधीच ठाऊक. दख्खनी मेंढीची राठ लोकर, वर चिंचोक्याची खळ, झाली घोंगडी. अंथरा नाहीतर पांघरा. फक्त वजन फार, आणि भिजली की विचारू नका.

फोमच्या बंद पेशींत हीच हवा कोंडलेली असते, पण पाणी शिरत नाही. अमेरिकेत 1970च्या दशकात बोईंगमधल्या नोकऱ्या गेलेल्या जिम ली आणि नील अँडरसन यांनी फोम आणि हवा एकत्र करून थर्म-अ-रेस्ट गादी काढली. (ले-ऑफचा असाही उपयोग!) तरी गाद्यांची ऊब मोजायचं सामाईक मानक यायला 2018 उजाडलं.

जानेवारीत पोखर्णीला शेतात मी दोन्ही करून पाहिलं. नुसत्या घोंगडीवर पहाटे पाठ गारठली. खाली पातळ फोम, वर घोंगडी केल्यावर झोप लागली. ऊसतोड कामगार कोपीत पाचट पसरतात, त्यामागेही हेच शास्त्र.

30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपानंतर हजारो माणसं उघड्यावर आली, पुढे हिवाळा होता. अशा वेळी आपण हौसेने ब्लँकेटं वाटतो. सोबत अंथरायलाही काहीतरी द्यायला हवं, एवढंच म्हणणं.