‘पहिली स्त्री’ एवढीच ओळख पुरेशी आहे का?

११ नोव्हेंबर १९६९. दक्षिण ध्रुवावर उतरलेल्या विमानातून सहा स्त्रियांनी हातात हात गुंफून एकाच वेळी बर्फावर पाऊल ठेवले. ‘पहिली’ कोण, हा प्रश्नच त्यांनी उरू दिला नाही. अमुंडसेन १९११ मध्ये ध्रुवावर पोहोचला, त्याला तेव्हा जवळजवळ ५८ वर्षे झाली होती. हा विलंब क्षमतेच्या अभावामुळे झालेला नव्हता. अमेरिकी मोहिमांची वाहतूक सांभाळणारे नौदल ‘तेथे स्त्रियांसाठी सोयी नाहीत’ या सबबीवर स्त्री-शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे नकार देत आले होते.

भारताची पहिली मोहीम अंटार्क्टिकावर पोहोचली जानेवारी १९८२ मध्ये. पहिल्या दोन मोहिमांत एकही स्त्री नव्हती. मात्र डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत दोघी होत्या: सागरवैज्ञानिक डॉ. अदिती पंत आणि जादवपूर विद्यापीठातील भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता.

पंत यांचा जन्म १९४३ चा, नागपूरचा. रायपूरही तेव्हा ज्या प्रांतात होते, त्याच्या राजधानीतला. पुण्यात पदवी, हवाई विद्यापीठात पुढील शिक्षण, लंडनमध्ये पीएच.डी. आणि मग गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला.

याच मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे पहिले केंद्र उभारले. पंत यांच्या अभ्यासाचा विषय होता सागरी अन्नसाखळीचा पाया. सूर्यप्रकाशावर वाढणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक क्रिल खातात. क्रिलवर पेंग्विन, सील आणि महाकाय देवमासे जगतात. प्लवकांची वाढ मोजणे म्हणजे त्या संपूर्ण जीवसृष्टीचा ताळेबंद मांडणे. सेनगुप्ता शिर्माकर टेकड्यांतील खडकांची रचना अभ्यासत होत्या. एकेकाळी भारत आणि अंटार्क्टिका हे दोन्ही गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते, म्हणून त्या खडकांचा इतिहास आपल्या भूमीच्या इतिहासाशीही जोडलेला आहे.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत या दोघींना एकच ओळ मिळते: अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया. ती ओळ अपुरी आहे. पुरुष संशोधक त्यांच्या शोधांसाठी लक्षात राहतात आणि स्त्रिया केवळ क्रमांकासाठी, तेव्हा बंद दाराची जुनी सावली इतिहासलेखनावरही पडलेली असते.

विद्यार्थिमित्रहो, ही ओळ पुन्हा वाचाल तेव्हा पुढचा प्रश्नही विचारा: त्या तेथे काय शोधत होत्या?