सर्वांनी लिहावयाचा ज्ञानकोश

मराठी माणसापुढे ज्ञानकोशाचे नाव काढले की डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आठवतात. कंपनी काढून, भाग विकून, गावोगाव वर्गणीदार मिळवून त्यांनी 23 खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्धीस नेला. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांनी वाईस मराठी विश्वकोशाचे काम आरंभिले. त्याचा पहिला खंड 1976 साली निघाला आणि विसावा 2015 साली. ह्या दोन्ही उद्योगांत कोणी लिहावे हे संपादकाने ठरवावयाचे होते. विकिपीडियाने नेमकी हीच गोष्ट उलटी केली.

गंमत अशी की त्याचे जनकही प्रथम जुन्याच वाटेने चालले होते. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर ह्यांनी 2000 साली ‘न्यूपीडिया’ काढला. त्यात विद्वानाने लिहिलेला लेख तपासणीच्या सात पायऱ्या चढून मगच प्रसिद्ध व्हावयाचा. तीन वर्षांत जेमतेम दोन डझन लेख तयार झाले! कच्चे लेख जमविण्यासाठी म्हणून 15 जानेवारी 2001 रोजी विकिपीडिया सुरू झाला. ‘विकी’ हा हवाई बेटांच्या भाषेतला शब्द. त्याचा अर्थ चटकन. वर्ष संपते न संपते तोच सुमारे 20,000 लेख जमले.

आरंभी ह्या नगरीत कोतवाल नव्हता. नियमांची अडचण वाटली तर ते बाजूला सारा, असाच एक नियम होता. पण वस्ती वाढली की तंटे येतात. 2002 साली पुढे जाहिराती घेतल्या जातील ह्या शंकेने स्पॅनिश भाषेतील लेखकांनी वेगळी चूल मांडली. त्याच वर्षी एका यंत्राज्ञावलीने जनगणनेचे आकडे घेऊन अमेरिकेतील गावांवर 30,000 च्या आसपास लेख रचले. 2005 साली जॉन सीगेंथेलर ह्या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात केनेडी-हत्येशी त्याचा संबंध जोडणारी धादांत खोटी वाक्ये कोणी घातली, आणि ती काही महिने तशीच राहिली. मग मात्र दारे अर्धवट लोटली गेली. इंग्रजी कोशात नोंदणीवाचून नवा लेख उघडण्यास बंदी आली. प्रत्येक विधानास आधार मागण्याचा नियम होताच, तो आता काटेकोरपणे पाळला जाऊ लागला. 2007 नंतर इंग्रजीतील नियमित लेखकांची संख्या घटू लागली. नवख्याचे लिखाण तत्काळ पुसले जाते, मग तो पुन्हा फिरकत नाही, असे अभ्यासकांना आढळले. कोश विश्वसनीय होत गेला, पण त्याचे अंगण आक्रसले.

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी सुरू झाला. संगणकावर देवनागरी उमटविणे हीच तेव्हा मोठी खटपट होती. लेखक मूठभर. त्यांनी गावेच्या गावे नोंदवून ठेवली, पण ‘हे अमुक तालुक्यातील एक गाव आहे’ ह्यापुढे पुष्कळ नोंदींची मजल गेली नाही. त्यांना हिणवण्याचे कारण नाही. रिकाम्या पाटीवर निदान नाव तरी आले.

आता आपल्या हिंडलग्याचेच उदाहरण घेऊ. कारागृहामुळे हे नाव दूरवर ठाऊक आहे. 1950 साली सावरकरांना येथे स्थानबद्ध ठेवले होते. 1986 च्या जूनमधील कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात जे गोळीबारात बळी पडले, त्यांचे स्मारकही येथेच आहे. ज्या घरातला माणूस त्या दिवशी रस्त्यावर होता, त्या घरात त्याच्या आठवणी आहेत. पण आठवण हा कोशाच्या दृष्टीने आधार नव्हे. आधार प्रसिद्ध झालेला हवा, आणि सीमाभागाचा छापील इतिहास जुन्या वृत्तपत्रांच्या गठ्ठ्यांत पडून आहे. म्हणजे बड्या शहरांतील खोटेपणास आळा घालण्यासाठी घडविलेला नियम ह्या खेड्याच्या सत्यालाही आडवा येतो. मला हा ह्या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोचरा भाग वाटतो.

दुसरा नियम निःपक्षपातीपणाचा. तो मात्र आपल्याकडे उपयोगी पडण्यासारखा आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. 1967 साली महाजन आयोगाचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने नाकारला. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. 2014 साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. कोशकाराने ह्यात न्यायनिवाडा करावयाचा नाही. कोणी, केव्हा, काय म्हटले एवढेच साधार सांगावयाचे. शिवाय प्रत्येक लेखामागे त्याचा इतिहास राहतो: कोणता शब्द कोणत्या दिवशी बदलला हे कोणालाही पाहता येते. केतकरांच्या खंडांत कोणत्या वाक्यावर किती वाद झाला हे छापील पानावरून कळत नाही.

कन्नड विकिपीडियाही 2003 सालचाच. आपल्या भागात दोन्ही भाषा वाचणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ह्या शहरावरील दोन्ही लेख शेजारी ठेवून पाहावेत. एकात आलेले दुसऱ्यात काय नाही, ते टिपावे, आणि घरातल्या माळ्यावर 1986 ची वृत्तपत्रे असतील तर ती रद्दीत जाऊ देऊ नयेत.