भुलाबाईचा खाऊ आणि बंद खोलीतली हवा

सन १९१८ चे पंचांग आणि त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाच्या साथीची नोंद शेजारी शेजारी ठेवली, तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. शिर्डीच्या साईबाबांचे देहावसान विजयादशमीला, १५ ऑक्टोबर १९१८ रोजी झाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे बाबांच्या निकटच्या भक्तांपैकी, त्यामुळे वऱ्हाडात तर ही तारीख विशेषच परिचयाची. दसरा १५ तारखेला, म्हणजे कोजागिरी १९ च्या सुमारास आणि भाद्रपदी पौर्णिमा २० सप्टेंबरच्या आसपास. या दोन पौर्णिमांमधला महिना म्हणजे आपल्याकडचा भुलाबाईचा महिना. इन्फ्लुएंझाची दुसरी, प्राणघातक लाट मुंबईहून निघून वऱ्हाडात पोचली तीही याच महिन्यात.

पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. तिकडे भोंडला किंवा हादगा, खानदेशात गुलाबाई, तशी वऱ्हाडात भुलाबाई. भुलाबाई व भुलोजी यांची मातीची मूर्ती मांडायची, ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायचा आणि आळीतल्या मुलींनी संध्याकाळी घरोघर जाऊन, टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणायची. गाणी संपली की त्या घरच्या बाईने झाकलेला डबा आणून वाजवायचा आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचे. फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू, करंजी, चिवडा, वाटली डाळ अशी नावे घेत घेत एकदाची बरोबर वस्तू सापडते आणि मग ती सर्वांना वाटतात. पूर्वी हे महिनाभर चाले. आता बऱ्याच ठिकाणी ते एकट्या कोजागिरीवर आले आहे. घरोघर जाणारी मुले, दारात मिळणारा खाऊ, शेजाऱ्यापाजाऱ्यांची उठबस हेच या सणाचे सार. विदर्भातला तान्हा पोळाही याच जातीचा: लाकडी बैल ओढत मुले दारोदार जातात आणि खाऊ किंवा पैसे मिळवतात.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी हॅलोवीन साजरा होतो, तोही असाच. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन शेजाऱ्यांची दारे ठोठावतात व गोळ्या-चॉकलेटे गोळा करतात. सन २०२० मध्ये अधिक आश्विन आला, त्यामुळे कोजागिरी पुढे सरकून ३० ऑक्टोबरला पडली आणि लागोपाठ दुसऱ्या दिवशी हॅलोवीन. एकाच पौर्णिमेच्या चंद्राखाली पृथ्वीच्या दोन्ही बाजूंच्या आईबापांपुढे एकच प्रश्न होता: शेजाऱ्यांच्या घरी मुलांना पाठवावे की नाही? अमेरिकेतल्या मराठी घरांपुढे तर तो दोन दिवसांत दोनदा आला.

या प्रश्नाचे उत्तर देण्याकरिता आधी एक दुसरा प्रश्न सोडवावा लागतो. रोग नेमका कोणत्या वाटेने येतो? खाऊच्या डब्यातून, हातातून, की गाण्यातून? माझ्या मते या साऱ्या इतिहासात शिकवण्यासारखे काही असेल तर ते एवढेच, की प्रत्येक नव्या साथीला माणसे मागच्या साथीची वाट लावून पाहतात.

वऱ्हाडाच्या आठवणीत सर्वांत खोल रुतलेली साथ म्हणजे पटकी. गावाच्या शिवेवरची मरीमायची ठाणी त्याचीच साक्ष देतात. पटकीचा जंतू पाण्यातून व अन्नातून पोटात जातो, ही गोष्ट लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ साली विहिरीच्या पंपावरून दाखवली, आणि रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू १८८४ साली कलकत्त्यात पुन्हा ओळखला. उघड्यावरचे खाऊ नका, दुसऱ्याच्या घरचे पाणी पिऊ नका, हा धडा तेथून आला आणि पटकीपुरता तो अगदी बरोबर होता. त्यानंतर प्लेग आला. प्लेग म्हणताच लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहत. त्यांना कारण ठाऊक नव्हते, पण उपाय अचूक होता. उंदीर व त्यांच्या अंगावरच्या पिसवा गावातच मागे राहत. पिसवांचा हा दुवा पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवला, तरी तो सर्वमान्य व्हायला पुढची कित्येक वर्षे लागली.

मग १९१८. जून महिन्यात मुंबईत पहिली, सौम्य लाट आली. सप्टेंबरात दुसरी आली आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे इन्फ्लुएंझाने मेली. मुंबई-नागपूर रेल्वे शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी वऱ्हाडच्या पोटातून जाते आणि बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आहे. कापसाच्या व्यापारासाठी टाकलेले हे रूळ साथीलाही तितकेच सोयीचे ठरले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, महायुद्धाने धान्य महागले होते, माणसे आधीच खंगलेली होती. मध्य प्रांत व वऱ्हाड हा तेव्हा एकच प्रांत होता आणि हिंदुस्थानात ज्या प्रांतांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त होते त्यांत त्याची गणना होते. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे गेली. कोणी हा आकडा सव्वा कोटी धरतात, कोणी पावणेदोन कोटींपर्यंत नेतात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी किंचित घटलेली दिसते, त्याचे मुख्य कारण हेच. विद्यार्थ्यांना जनगणनेचे तक्ते दाखवून ही खाच शोधायला सांगावी, चांगला तास होतो.

त्या साथीत वीस ते चाळीस या वयाची माणसे सर्वाधिक मेली आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त. आजाऱ्यांच्या उशाशी बसण्याचे काम त्यांचे, आणि घरात अन्न कमी असेल तर मागे राहून जेवणाऱ्याही त्याच. भुलाबाईच्या भाषेत सांगायचे तर खाऊचा डबा घेऊन दारात उभी राहणारी आई त्या वर्षी सर्वांत धोक्यात होती. शंभर वर्षांनंतरच्या कोविडमध्ये हे उलटे झाले. मुलांना आजार बहुधा सौम्य झाला, आईबाप बहुतेक तगले आणि खरा धोका आला तो गाणी शिकवणाऱ्या आजीला. घरोघर फिरणाऱ्या मुली स्वतः आजारी न दिसताही रोग एका घरच्या आजीकडून दुसऱ्या घरच्या आजीकडे नेऊ शकत होत्या. सण मुलांचा, पण जोखीम म्हाताऱ्यांची. हे कोणत्याही मुलीला समजावून सांगणे सोपे नव्हते.

१९१८ साली डॉक्टर चुकीच्या जंतूच्या मागे होते. रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये रुग्णांच्या घशात सापडलेल्या एका जिवाणूला इन्फ्लुएंझाचे कारण ठरवले होते. खरा विषाणू माणसापासून वेगळा करण्यात लंडनमधल्या संशोधकांना यश आले ते १९३३ साली, फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या मदतीने. २०२० मध्ये याउलट झाले. विषाणू कोणता हे जानेवारीतच कळले, त्याची जनुकीय अक्षरमाला जगभर वाचली गेली, पण त्याची वाट ओळखण्यात मात्र अनेक महिने गेले. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही असे ठामपणे जाहीर केले होते. मग आपण काय केले? भाजी सोड्याच्या पाण्यात धुतली, दुधाच्या पिशव्या पुसल्या, वर्तमानपत्र उन्हात वाळवले. हा पटकीचा धडा होता, चुकीच्या रोगाला लावलेला.

खरे तर दाखला हाती आला होता. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट खोऱ्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर होते आणि त्यांपैकी एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. पुढल्या काही दिवसांत तो धरून ५३ जण आजारी पडले, ३३ चाचणीने निश्चित व २० संभाव्य, आणि दोघे मरण पावले. मधल्या सुट्टीत खोलीच्या मागच्या बाजूला बिस्किटे व संत्री ठेवलेली होती, पण पुष्कळांनी ती खाल्लीच नव्हती. तरी आजार झाला. गाणे मात्र सर्वांनी म्हटले होते. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का व डोनाल्ड मिल्टन यांच्या पुढाकाराने २३९ शास्त्रज्ञांनी हवेतल्या प्रसाराकडे लक्ष द्यावे असे जाहीर पत्र लिहिले. वस्तूंच्या स्पर्शातून होणारा धोका किती? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दिलेला अंदाज असा, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्यास संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी.

यामागचे भौतिकशास्त्र दहावीच्या विद्यार्थ्याला कळेल असे आहे. बोलताना, गाताना तोंडातून सर्व आकारांचे थेंब निघतात. हवेत पडणाऱ्या लहान गोलाचा स्थिर वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा स्टोक्सचा नियम. शंभर मायक्रोमीटरचा थेंब दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. दहा मायक्रोमीटरच्या कणाला आठ-नऊ मिनिटे लागतात, पाच मायक्रोमीटरच्या कणाला अर्धा तास, आणि एक मायक्रोमीटरच्या कणाला दहा तासांहून अधिक. तेवढ्या वेळात तो वाऱ्याच्या लहानशा झुळकेबरोबर खोलीभर फिरून येतो. आवाज जितका मोठा, तितके हे कण अधिक. मुली एकमेकींवर चढाओढ करून गातात तेव्हा काय होत असेल याची कल्पना करावी.

आता हिशोब पाहू. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. एक व्यक्ती मिनिटाला आठ लिटर हवा आत घेते असे धरले, तर तासाला जवळजवळ अर्धा घनमीटर. आठ मुली तासभर बसल्या, दारे-खिडक्या लावलेल्या असल्या, तर खोलीतल्या हवेच्या एक-नवमांशाइतकी हवा कोणाच्या ना कोणाच्या फुप्फुसातून जाऊन आलेली असते. गाताना हे प्रमाण आणखी वाढते. तेच गाणे गच्चीवर म्हटले, तर हवेला भिंतीच नाहीत आणि हा हिशोब मांडताच येत नाही. वर्गात चुन्याच्या निवळीचा प्रयोग आपण करतोच. नळीने फुंकली की ती काही क्षणांत दुधाळ होते, कारण उच्छ्वासात कर्बवायू सुमारे चार टक्के असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या शंभरपट. आता कर्बवायू मोजणारी लहान यंत्रेही मिळतात. वर्गाची दारे लावून व मग उघडून त्यावरचा आकडा कसा बदलतो ते पाहावे.

या दृष्टीने पाहिले तर २०२० मध्ये हॅलोवीनसाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दिलेल्या सूचना मला बऱ्याच शहाणपणाच्या वाटतात. दारोदार जाऊन हातात खाऊ देणे हे त्यांनी जास्त जोखमीचे ठरवले. अंगणाच्या टोकाशी खाऊच्या पुड्या मांडून ठेवाव्यात आणि मुलांनी येऊन आपली आपली उचलावी, हे मध्यम. सोंगाचा मुखवटा म्हणजे मास्क नव्हे, हेही बजावले होते. आणि एक सूचना तर भुलाबाईलाही लागू पडावी अशी: जिथे किंचाळणे होण्याचा संभव आहे, तिथे अंतर अधिक ठेवा. आपल्याकडे त्या वर्षी नवरात्रात गरबा-दांडियाला परवानगी नव्हती, सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत व घरची दोन फुटांपर्यंत अशी मर्यादा होती, मंदिरे बंद होती. अमरावतीच्या अंबादेवीचे दार भाविकांसाठी उघडले ते राज्यातील इतर देवळांबरोबर १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. मूर्तीच्या उंचीचा संबंध मिरवणुकीतल्या गर्दीशी लावता येतो. पण मोकळी हवा व बंद हवा यांतला फरक आपल्या नियमांत ठळक झाला असता तर बरे झाले असते. कोजागिरीचे दूध गच्चीवर, चांदण्यात आटवायचे असते. आपापल्या घरच्या माणसांनी आपापल्या गच्चीवर बसून शेजारच्या गच्चीवरच्या मुलींना गाण्याची साथ द्यायची, डबा दुरूनच वाजवायचा आणि ओळखणारीने ओरडून उत्तर द्यायचे: एवढे त्या वर्षी खुशाल करता आले असते. ओळखण्याच्या खेळाला जवळ येण्याची गरजच नाही, आवाज ऐकू आला की पुरे.

त्या ऑक्टोबरात देशातील रुग्णांची संख्या उतरत होती आणि लोकांचा जीव भांड्यात पडला होता. पण पुढे डेल्टा म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकाराचे सर्वांत जुने नमुने भारतात त्याच ऑक्टोबर २०२० मधले आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याच्या इतर भागांआधी अमरावती आणि अकोल्यात रुग्ण झपाट्याने वाढले, आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर व अचलपूर पुन्हा बंद झाले. फेब्रुवारी म्हणजे वऱ्हाडात रात्री थंडीच्या, दारे लावून झोपण्याच्या, आणि लग्नसराईच्या. बंद हवेचा दोष किती आणि नव्या विषाणूचा किती, हे वाटून देणे सोपे नाही. दोन्ही होतेच.

राज्यातील सर्व निर्बंध १ एप्रिल २०२२ रोजी उठले आणि त्या वर्षीच्या ९ ऑक्टोबरच्या कोजागिरीला भुलाबाई पुन्हा घरोघर गेली. शाळेत भुलाबाई बसवण्याची प्रथा जिथे आहे तिथल्या शिक्षकांनी एकदा वर कर्बवायूचे यंत्र, खाली टिपऱ्या असे करून पाहावे. दर गाण्यानंतर मुलींनीच आकडा वहीत लिहावा, आधी खिडक्या लावून, मग उघडून, मग अंगणात. आलेख काढून झाल्यावर डबा वाजवावा.